दाजींची आगोट

दरवर्षी बोट बंद झाली की आमचे शेजारी दाजी परब फोंडाघाट कोसळवत. घाटाला साधा तडाही गेलेला नसे, पण दाजी सकाळी अंगणात उभे राहून जाहीर करत, "घाट गेलो रे! कोल्हापूरची वाट बंद."

दाजींच्या घरात कॅलेंडर नव्हते. त्यांचे वर्ष एकाच शब्दावर चाले: आगोट. आगोट म्हणजे आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे तोंड. होड्या वर ओढायच्या, मुंबईची बोट थांबायची, आणि त्याआधी तांदूळ, मिरच्या, सुके बांगडे घरात भरून घ्यायचे. दाजी एकटे, भरत मात्र चौघांचे. मी हिशेबी माणूस. म्हटले, "दाजी, एका तोंडाला एवढे?"

"तुका कळाचा नाय. वसंतो इलो तर?"

वसंत हा त्यांचा मुलगा, मुंबईला गिरणीत. बोट चालू असे तोवर दाजी दाराला कडी घालत नसत. भोंगा वाजला की धुतलेले धोतर नेसून बंदरावर जात, आणि परतताना भेटेल त्याला सांगत, "रजा गावली नसतली. फुडच्या बोटीन येतलो."

आगोट लागली की मात्र खूष. "आता बोटच नाय, तर पोर येतलो कसो?" कडी घालून निवांत झोपत.

मग फोंड्यावरून कोल्हापूरची एसटी सुरू झाली, तीही भर पावसात चालणारी. मुंबईचा माणूस आता रेल्वेने कोल्हापूर गाठून आगोटीतही घरी येऊ शके. साऱ्या गावाची सोय झाली. दाजींचीच तेवढी गैरसोय.

"घाट गेला म्हणता, मग ही गाडी आली कुठून?" मी विचारी.

"ती? ती घाटाखालच्या कणकवलेसून येता!"

एका आषाढात मी कामासाठी कोल्हापूरला गेलो आणि त्याच गाडीने संध्याकाळी परतलो. दाजींचे दार सताड उघडे होते, पाऊस आत येत होता. दाजी ओटीवर बसले होते. अंगावर धुतलेले धोतर.

"गाडीतून आणखी कोण उतारलो?"

"कोणी नाही."

मग हळूच म्हणाले, "घाट कसो आसा?"

घाट उत्तम होता. वाटेत गाडी एकदाही अडली नव्हती.

"कोसळलाय, दाजी," मी म्हणालो. "आमचीच गाडी काय ती शेवटची सुटली. आता गणपतीपर्यंत वाट बंद."

"सांगलंय नाय मी?" दाजी ताडकन उठले. "तुमका एसटीचा कौतुक!"

मी अंगण ओलांडत होतो, तेव्हा मागे कडी लागल्याचा आवाज आला.