गोदावरीचं पाणी पश्चिमेला येतं का?

आमच्या घरी ताक घुसळायला घेतलं, की शेजारचे सोळंके सर हजर. ताक प्यायला आले असते तर मी समजू शकलो असतो. ते ताक बघायला येत. चष्मा कपाळावर ढकलून डेऱ्यावर वाकत आणि रवीभोवती फिरणाऱ्या ताकाकडे असे टक लावून बघत, की माझ्या बायकोला आपण काही गुन्हा करतोय असं वाटायचं.

"वैनी, थांबू नका. बघा, मधी खाली गेलंय, कडंला चढलंय. चालतं पाणी कधी सपाट राहात न्हाई. समुद्राचंबी हेच हाय."

"लोणी येऊ द्या की सर आधी," ती म्हणायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, त्या वर्षी मी हिंदीचा मास्तर म्हणून वालूरला बदलून आलो. सोळंके सर भूगोल शिकवायचे आणि भिंतीपलीकडे एकटेच राहायचे. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, एवढीच माहिती मला होती. वालूरहून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र यायच्या आधी माणसाचा डबा संपतो. अशा गावात या माणसाला समुद्राचं वेड लागलं होतं. बरं, समुद्र स्वतः कधी बघितलेला नाही. एकदा कोकणची सहल त्यांनीच ठरवली, त्यांनीच एसटी मिळवली, आणि देवगाव फाट्यावर पोट बिघडल्याचं सांगून उतरून घेतलं. पोरं आठवडाभर समुद्रात डुंबून आली. सर इकडे वरणभात खात होते.

समुद्र मोजणाऱ्या उपग्रहाची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. आभाळातून तो एक लहर खाली सोडतो, ती पाण्याला लागून परत जाते आणि तिला लागलेल्या वेळावरून समुद्र कुठे किती उंच आहे ते कळतं. कुठे वीतभर चढ, कुठे वीतभर उतार. तो चढउतार मोजला, की पाणी कोणीकडे चाललंय त्याचा हिशोब निघतो. सर हे मला सांगायला आले तेव्हा मी अंघोळीला बसलो होतो. त्यांनी दाराबाहेरून सगळं सांगितलं. मला ते समजलं, हे मी त्यांच्या शिकवण्याचं कसब मानतो.

काही महिन्यांत तो उपग्रह बंद पडला. सर उतरलेल्या चेहऱ्यानं शाळेत आले आणि म्हणाले, "गेला." हेडमास्तर खुर्चीतून उठले. "कोण? कधी? मौत कुठं झाली?" शाळा सोडायची घंटा द्यायला शिपाई निघालाही होता. उपग्रह गेला हे कळल्यावर हेडमास्तर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"वरून बघा" हा सरांचा मंत्र. वेळापत्रकावरून दोन मास्तरांची जुंपली, की सर म्हणणार, "वरून बघा. वरून तुमी दोघं एकाच जागी दिसायलात." नामांतरावरून शिक्षकांच्या खोलीत लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. पाण्याचे माठसुद्धा वेगळे ठेवायची भाषा सुरू झाली. सरांनी उठून सगळ्यांच्या देखत एकाच माठातलं पाणी एकेकाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वरून बघा. वरून आडनाव दिसत न्हाई." कोणी नको म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा जरा कमी केली.

अर्थात गावानं त्यांचं म्हणणं आपल्या परीनं घेतलं. एक म्हातारा भल्या सकाळी दारात. "सर, वरून समदं दिसतं म्हणता, तर माझा गोऱ्हा दोन दिस झाले घरी आला न्हाई. बघा की जरा."

सर गंभीरपणे म्हणाले, "समुद्रात गेला असल तर सांगतो."

पण कहर झाला तो नारळांचा. नदीतला प्रवाह मोजायचा म्हणून सरांनी नारळ आणले, लांबून दिसावेत म्हणून त्यांना लाल रंग दिला, वर 'शाळा, वालूर, सापडल्यास कळवावे' असं लिहिलं आणि सगळ्या वर्गादेखत दुधनेत सोडले. किती तरी दिवस कोणी कळवलं नाही. मग एक दिवस खालच्या अंगाच्या गावातली पाच फेटेवाली माणसं शाळेत आली. पायताणं बाहेर काढली आणि हेडमास्तरांना हात जोडले.

"मालक, तुमच्या शाळंत देव कोणता हाय?"

नदीतून वाहत आलेला लाल नारळ. आपल्याकडचा कोण शहाणा त्याच्यावरची अक्षरं वाचत बसेल? दोन नारळ त्यांनी प्रसाद म्हणून वाटले होते. तिसरा पिंपळाखाली मांडला होता आणि बायका त्याला दिवा लावत होत्या. आता वार कोणता पाळायचा, एवढंच विचारायला पंच आले होते. हेडमास्तर लाल झाले. सर मात्र हरखून गेले. नारळ कोणत्या दिवशी दिसला, नदीच्या या काठाला की त्या काठाला, हे सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी पंचांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "देव म्हणजे आपली दुधना. तिचा वार रोजच. तिच्यात घाण टाकू नका, झालं." पंच पाया पडून गेले. मला वाटतं, इतका सरळ पाळता येणारा धर्म मी दुसरा ऐकला नाही.

या सगळ्यात सरांचा प्रश्न एकच होता आणि तो सगळ्या गावाला पाठ होता. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. मग पुढे? ते पाणी कधी फिरून पश्चिमेच्या समुद्रात येतं का? तालुक्याला तपासणीसाहेब आले, सरांनी विचारलं. आमदार आले, सरांनी विचारलं. साहेब म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. आमदार म्हणाले, बघतो. आम्ही हसायचो. पूर्वेला गेलेलं पाणी पश्चिमेला आणून या माणसाला काय करायचंय, कापूस भिजवायचाय? सर हसण्यावारी नेत, पण प्रश्न सोडत नसत. नवे उपग्रह सुटल्याची बातमी आली की पुन्हा त्यांच्या डोळ्यांत आशा दिसे.

सोळा वर्षं वाद चालून नामांतराचा निकाल लागला, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुनीर आला. सरांचाच विद्यार्थी. आता हैदराबादला एका कचेरीत उपग्रहाची हीच मोजमापं बघायचा. घरी न जाता, पिशवीसकट सरांना शोधत थेट आमच्या ओसरीवर आला. सर डेऱ्याजवळच होते. त्यानं रंगीत नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर आमच्या वाट्या ठेवल्या.

"सर, तुमचा सवाल. आता वरून दिसायलंय. दिवाळीनंतर पूर्वेच्या किनाऱ्याचं पाणी दक्षिणेला वळतंय. त्यातलं काही लंकेला वळसा घालतं आणि इकडच्या समुद्रात शिरतं. मग केरळावरून वर."

"वर कुठवर?"

"गोव्यापर्यंत. थोडं पुढंबी."

"वेंगुर्ल्यापर्यंत?"

मुनीरनं नकाशावरचं बोट थोडं वर सरकवलं. "समदं न्हाई सर. लय थोडं. पण पोचतं."

सरांनी नकाशावर हात ठेवला. माझ्या बायकोची रवी थांबली होती. या वेळी त्यांनी 'थांबू नका' म्हटलं नाही.

"सर, वेंगुर्ल्याला कोण हाय?" तिनं विचारलं.

"आमच्या सिस्टरचं माहेर," सर म्हणाले. "बोरीच्या दवाखान्यात नर्स होती. गाव सिस्टर म्हणायचं, मग लग्नानंतर मीबी सिस्टरच म्हणायचो. परमुलखातल्या माणसाशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी दार लावून घेतलं. समुद्राचं लय सांगायची. पुन्हा जाणं झालं न्हाई. दिवाळी झाली आणि ती वारली." त्यांचा हात नकाशाच्या पूर्वेकडे सरकला. "आपल्याकडची रीत, मी अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडल्या. घरी येऊन नकाशा उघडला तर नदी पूर्वेला चाललेली. म्हटलं, जितेपणी माहेर सुटलं ते सुटलं, मेल्यावर मीच तिला आणखी उलट्या दिशेला लावून दिलं."

इतकी वर्षं मी या माणसाच्या प्रश्नाला हसलो होतो. मला त्यांच्याकडे बघवेना. मुनीर मान खाली घालून वाट्या उगीच सारख्या करत होता.

बोलली ती माझी बायकोच. पदराला हात पुसून ती नकाशाजवळ येऊन बसली. "किती दिवस लागतात रे, मुनीर?"

"तीन-चार महिने धरा, वैनी."

ती बोटांवर महिने मोजू लागली. "दिवाळी झाल्यावर निघाल्या. म्हंजी होळीला पोचल्या असतील, सर."

सरांनी मान डोलावली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि हातातच ठेवला.

"तिकडं शिमगा म्हणतात," ते म्हणाले. "शिमग्याला समदे घरी येतात, वैनी. कुणाला दार लावत न्हाईत."