डाव्या बॅटची अडखळ

"आज तरी टेबलावर जेवायला मिळणार आहे का?" बायकोनं विचारलं.

"शनिवारनंतर," मास्तर म्हणाले. मान वर केली नाही.

हा शनिवार सात महिने येत होता. जेवणाच्या टेबलावर मधोमध एक काळपट प्लास्टिकचा डबा बसला होता. त्याला दोन नॉब आणि टीव्हीला जोडायची एक वायर. भोवती मोजमापाची यंत्रं, वायरींचे गुंते, वह्या. घरातली माणसं जिथे जागा मिळेल तिथे जेवत. बायको ओट्याशी उभ्यानं, मास्तरांचे वडील आप्पा पलंगावर आणि मास्तर स्वतः टेबलाच्या कोपऱ्यावर, कारण डब्याजवळ दुसऱ्या कुणी खाल्लेलं त्यांना चालत नसे. त्यांनी स्वतः सांडलेलं चालत असे.

मास्तर तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. डबा मात्र आप्पांचा. आप्पा पंधरा वर्षांचे असताना तो घरात आला. टीव्हीला जोडला की काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या बॅटी, मध्ये तुटक रेघ आणि इकडून तिकडे जाणारा एक चौकोनी चेंडू. आधी पंधरा गुण करेल तो जिंकला. बास, एवढाच खेळ. पण त्याचा प्रोग्रॅम कुठेही लिहिलेला नव्हता. सगळा खेळ एका चिपच्या आतल्या जोडण्यांतच कोरलेला. त्याची कॉपी निघत नाही, आणि चिप गेली की खेळही गेला. म्हणून मास्तर चिपचं वागणं बाहेरून मोजून, अगदी तसाच वागणारा प्रोग्रॅम संगणकासाठी लिहीत होते. शनिवारी संग्रहालयात खरा डबा काचेत जाणार होता आणि शेजारी, तसेच दोन नॉब जोडलेल्या संगणकावर, लोकांना मास्तरांचा प्रोग्रॅम खेळायला मिळणार होता.

या कामात मास्तरांचा एक नियम होता: मूळ वस्तूला हात लावायचा नाही, जशी आहे तशी मोजायची. हा नियम त्यांनी इतका पाळला की डबा पुसायलाही बंदी होती. त्या घरात सगळ्यात जिवापाड जपलेली गोष्ट म्हणजे त्या डब्यावरची धूळ.

मोजता मोजता मास्तरांना एक शोध लागला. डावा नॉब फिरवताना पडद्याच्या मध्यावर डावी बॅट क्षणभर अडखळायची आणि मग एकदम खाली आपटायची. दर वेळी तिथेच. उजवी बॅट मात्र लोण्यासारखी फिरायची. मास्तरांनी या प्रकाराला 'अडखळ' असं नाव दिलं, तिच्यावर बत्तीस पानी टिपण लिहिलं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून ती प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी उतरवली.

हे आप्पांना कळलं आणि ते पलंगावरून ताटासकट उठले.

"म्हणजे दोष चिपचा होता?"

"चिपचाच. डाव्या बाजूचा."

"मी जन्मभर डावीकडे बसलोय रे!"

आप्पांचा चेहरा असा उजळलेला मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. टीव्हीसमोरची एकमेव खुर्ची डावीकडे यायची आणि ती मोठ्याची, म्हणून आप्पा नेहमी डावीकडे. धाकटी बहीण उजवीकडे, जमिनीवर. आणि त्या धाकट्या बहिणीनं त्यांना सबंध सुट्टीभर रोज हरवलं होतं. ती गोष्ट घरात अठ्ठेचाळीस वर्षं चघळली जात होती. आता आप्पांनी ती निकालात काढली. न्हाव्याला सांगितलं, वाचनालयात सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं. "चिपचा दोष होता. माझ्या मुलानं सिद्ध केलंय."

सगळं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मास्तरांनी टिपण जुन्या खेळयंत्रांचा नाद असलेल्या मंडळींना पाठवलं. त्यांतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. हे गृहस्थ जुन्या चिपांवरचं आवरण ॲसिडनं विरघळवून आतल्या जोडण्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढत. घरात त्यांचं नाव 'ॲसिडवाले' पडलं होतं. त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडे हीच चिप आहे. अडखळत नाही. तुम्ही नॉब उघडून पाहिलात का?'

मास्तर भडकले. नॉब उघडायचा? मूळ वस्तू? त्यांनी उलट लिहिलं, 'मी मूळ वस्तू उघडत नसतो. त्या अर्थी माझी चिप वेगळ्या, आधीच्या घडणीची आहे.' हे त्यांनी रागाच्या भरात लिहिलं होतं, पण पाठवल्यावर त्यांना ते पटलं. दोन दिवसांनी संग्रहालयाच्या बाईंनाही पटलं आणि त्यांनी पाटी छापायला टाकली: 'अज्ञात घडणीची एकमेव चिप'. आणि ॲसिडवाल्यांना तर ते इतकं पटलं की त्यांनी शुक्रवारी सकाळी येतो असं कळवलं. चिप काढून न्यायची, विरघळवायची, फोटो काढायचे. चिप अर्थातच मरणार होती.

"नॉब उघडायला चालत नाही," बायको म्हणाली, "आणि चिप ॲसिडमध्ये बुडवायला चालते?"

"ते संशोधन आहे. नॉब उघडणं ही छेडछाड."

बायकोनं हात टेकले आणि ताट घेऊन ओट्याशी गेली.

शुक्रवारी ॲसिडवाले आले, आणि त्यांच्या पाठोपाठ आत्याही आली. हीच ती धाकटी बहीण. ती शनिवारच्या कार्यक्रमासाठी मुद्दाम दुसऱ्या गावाहून आली होती. आप्पांनी तिला दारातच गाठलं.

"ऐकलंस का? दोष चिपचा होता!"

"असं?" आत्या म्हणाली आणि चपला काढायला तिनं फार वेळ लावला.

ॲसिडवाल्यांनी हातमोजे चढवले. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. "काढा, काढा. मला काय त्याचं," असं म्हणत होते, पण वळून बघत नव्हते. चिपनं हरवलं असलं तरी चिप त्यांची होती.

"चहा टाकते," आत्या म्हणाली. चहा झाला. "अजून एकेक घ्या," म्हणाली. तोही झाला. मग स्क्रू-ड्रायव्हर सापडेना. पंधरा मिनिटं सगळं घर पालथं घातल्यावर तो आत्याच्या पर्समध्ये निघाला. "चष्म्याच्या घरासारखा वाटला," ती म्हणाली. मग चिप सुटी करायचं सोल्डरिंग आयर्न तापेना. मास्तरांनी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा वर पाहिलं तर आत्या भिंतीवरचं बटण बंद करताना दिसली.

"आत्या, काय चाललंय तुझं?"

"त्या बिचाऱ्या चिपला कशाला मारताय रे? तिनं काय केलंय?"

"तिनं काय केलंय तेच बघायचंय!"

आयर्न तापलं. ॲसिडवाले डब्यावर वाकले आणि आत्यानं डोळे मिटून घेतले.

"थांबा. आधी तो डावा नॉब उघडा."

"आत्या, मूळ वस्तूला—"

"अरे मूळ वस्तू कसली डोंबलाची! मीच उघडलाय तो एकदा."

मास्तरांनी नॉबमागचं पत्र्याचं झाकण सरकवलं. आत काळी गोल पट्टी होती. तिच्यावरून पत्र्याचं एक पातं फिरतं आणि बॅट वरखाली होते. पट्टीच्या बरोबर मध्यावर एक लालभडक ठिपका होता. पातं त्या ठिपक्यावर आलं की पट्टीशी संबंध तुटायचा आणि बॅट गडगडायची.

ॲसिडवाल्यांनी भिंग लावलं. "नेलपॉलिश," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "काम सफाईदार आहे हो. कडेला जरासुद्धा ओघळलेलं नाही."

"आईचं होतं," आत्या म्हणाली. "कात्रीच्या टोकानं झाकण उघडलं."

"बारा वर्षांची होतीस तू!" मास्तर ओरडले. "मी डिप्लोमा केलाय! बत्तीस पानं लिहिली मी तुझ्या नेलपॉलिशवर!"

"मला काय माहीत तू पानं लिहिशील? हरेल तो उठणार आणि शेजारचं पुढचं पोर बसणार असा नियम दादानंच केला होता. तो ठिपका लावायच्या आधी महिनाभर मला धड खेळायलाच मिळत नव्हतं."

आता आप्पा वळले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मी चेंडू चुकवतो म्हणून आईनं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. हा चष्मा मला तेव्हा लागलाय!"

बायको ओट्याशी खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसू लागली. तिला उठवायला कुणी गेलं नाही. ॲसिडवाल्यांनी बाटल्या गुंडाळल्या. "आठ तास प्रवास करून आलो," ते स्वतःशीच म्हणाले आणि तिसरा चहा न घेताच निघून गेले.

"पुसून टाका एकदाचं ते," बायको जरा सावरून म्हणाली.

"छे! अठ्ठेचाळीस वर्षांचं आहे. आता तेही मूळच." मास्तरांनी झाकण परत लावलं. पण प्रोग्रॅममधली अडखळ त्यांनी दात-ओठ खात काढून टाकली.

"झाली का काढून?" आप्पांनी विचारलं. "मग लाव. आत्ताच्या आत्ता. बस गं तू उजवीकडे."

संगणकावर सामना झाला. डावी बॅट वरपासून खालपर्यंत सरळ, बिनतक्रार फिरत होती. आप्पा पुढे झुकून, ओठ आवळून खेळले. आत्या जिंकली. पंधरा विरुद्ध तीन.

आप्पांनी डावा नॉब पुन्हा वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिला.

"अजून कुठेतरी अडकतंय," ते म्हणाले. "नीट बघ." आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. परवापर्यंत जिन्यात माणसं थांबवणारा माणूस तो हाच, हे मास्तरांना बघवेना.

आत्यानं मास्तरांना स्वयंपाकघरात ओढलं. "ती अडखळ परत घाल."

"आत्या, ती खोटी आहे!"

"असू दे. निदान तो का हरतो याला काही कारण तरी होतं."

पलीकडे आप्पांचा पलंग करकरला. मास्तरांनी खूप डोकं खाजवलं. मग बसले आणि अडखळ परत घातली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. संग्रहालयाच्या बाईंना फोन करून पाटीही बदलायला लावली. नव्या पाटीवर लिहिलं होतं, 'हा खेळ एका घरात जसा खेळला गेला तसा'. यात खोटं काही नव्हतं. बाई मात्र पुढचा अर्धा तास फोनवर बोलत होत्या आणि मास्तर नुसतं "हो, हो, चूक माझीच" म्हणत होते.

शनिवारी संग्रहालयात बरीच गर्दी होती. पहिला सामना घरच्यांनीच खेळावा असं बाईंनी सुचवलं. आत्या सवयीनं उजवीकडे निघाली, तर आप्पा आधीच तिथे जाऊन बसले होते. मांडी ठोकून, दोन्ही हात नॉबवर.

"दादा, तुझी बाजू डावी ना?"

"गुडघा दुखतोय. इथून उठवत नाही. तू बस तिकडे."

आत्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे पाहिलं. ती डावीकडे बसली. बॅट मध्यावर आली की अडखळत होती आणि खाली आपटत होती. तरी आत्या शेवटपर्यंत लढली. आप्पा जिंकले, पंधरा विरुद्ध तेरा.

"दादा, अरे ही बॅट मध्येच—" आत्यानं सुरुवात केली.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला सावकाश पुसला आणि पुन्हा लावला.

"हरल्यावर चिपला नावं ठेवायची नाहीत," ते म्हणाले.