सात नंबरच्या फळीवरचा किसन

पोत्यात काय आहे, हे किसनराव पोतं न सोडता सांगत. अकोल्याच्या एसटी स्टँडावर पार्सलच्या खिडकीत चोवीस वर्षं काढलेली. गाठोड्याला नुसता हात लावायचा अवकाश, आत सरकी आहे, कढई आहे की कोणाच्या सासूचं लोणचं, ते छातीठोक सांगायचे. त्याच जोरावर त्यांनी मुलाला, प्रीतमला, शब्द देऊन टाकला.

"तुह्या मायच्या स्मृतिदिनाच्या आंदी तिचा पितळेचा गुंड घरात वापस आणतो. पितळ अन् मले फसवन? शक्यच नाही."

 गुंडाची गोष्ट प्रीतमनं लहानपणापासून ऐकली होती.

ती अशी. लग्नात सुंदराबाईंच्या वडिलांनी पाणी भरायच्या दोन पितळी गुंडांची जोडी दिली होती. एकावर ठिपक्याठिपक्यांनी 'सुंदरा' नाव टाकलेलं, दुसऱ्यावर 'किसन'. वीस वर्षांपूर्वी सुंदराबाई चार दिवस माहेरी गेल्या, दारावर भांडेवाला आला, आणि किसनरावांच्या डोक्यात अक्कल आली. त्यांनी 'किसन' देऊन नळ लावलेला निळा प्लास्टिकचा ड्रम घेतला. बाईचा त्रास वाचवला म्हणून दोन दिवस गल्लीत मिरवलेही. सुंदराबाई परत आल्या, पिशवी खाली ठेवली, ड्रमकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोताले इकून ड्रम आणला? मले एक डाव पुसावं नाही वाटलं?"

बस, एवढंच. पण पुढची एकोणीस वर्षं तो ड्रम रोज जेवायला बसला. भाजी खारट झाली म्हटलं की ड्रम निघायचा. प्रीतमचं लग्न लांबलं, तर त्यातही ड्रम. ड्रमचा नळ दुसऱ्याच महिन्यात गळू लागला होता, तो अजून गळतो. मागच्या वर्षी तीन दिवसांच्या तापात सुंदराबाई गेल्या. दवाखान्यात त्या पुष्कळ बोलल्या, पण ड्रमाचं नाव एकदाही काढलं नाही. किसनरावांना सगळ्यात जास्त तेच लागलं. त्यांना वाटलं, भांडणं संपलं म्हणजे बाई खरंच चालली.

अमरावतीला बडनेऱ्याच्या वाटेवर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, असं प्रीतमनंच सांगितलं होतं. दुकान एक, मालक तेरा. प्रत्येकाची फळी वेगळी, फळीला नंबर, वस्तूला नंबराची चिठ्ठी. मालक माल मांडून आपापल्या गावी जातात आणि विकायला काउंटरवर एकटा मनोज बसतो. किसनराव नमुना म्हणून घरचा 'सुंदरा' पिशवीत घालून एका सकाळी तिथं पोचले. पिशवी दारातच ठेवायची, असा तिथला नियम. किसनराव नियमाचा माणूस. त्यांनी गुंड तेवढा काढून कडेवर घेतला, वहीत डोकं घातलेल्या मनोजच्या हवाली रिकामी पिशवी केली आणि आत शिरले.

आत जीव रमावा असं काही नव्हतं. बंद घड्याळं, मुके रेडिओ, कोणाच्या तरी लग्नातले फोटो. फोटोतली माणसं छान कपडे करून, कोणी ओळखतं का म्हणून बघत बसलेली. असले फोटो कोण विकत घेत असेल? किसनराव खाली मान घालून एकेक फळी पाहत गेले. सात नंबरच्या फळीपाशी त्यांचा पाय अडला. अडकित्ते आणि कंदिलांच्या मागं एक गुंड होता. त्यांनी अंगठ्यानं काळपट पितळ घासलं. ठिपके वर आले. किसन.

गळ्यातल्या दोऱ्याला चिठ्ठी होती. त्या फळीचे मालक नत्थुजी यांनी त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'जुना. बुडाशी चेपलेला. अजून कामाचा.'

किसनरावांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांच्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. त्यांनी कडेवरचा 'सुंदरा' हळूच त्याच्या शेजारी टेकवला. दोन्ही गुंड वीस वर्षांनी एका फळीवर आले. भांड्यापुढं म्हातारा माणूस रडताना कोणी पाहिला तर काय म्हणेल? म्हणून ते घड्याळांच्या फळीमागं एका मोडक्या स्टुलावर जाऊन बसले. तिथं पोटभर रडले, तोंड पुसलं, नाक शिंकरलं. पंधरावीस मिनिटं गेली असतील.

बाहेर येतात तर काउंटरपाशी एक बाई आणि तिची तरणी मुलगी पोत्यात बांधलेलं जड ओझं ओढत होत्या. किसनरावांना पार्सलची अशी हेळसांड बघवेना. ते पुढं झाले, सैल गाठ सोडून आपली खास पार्सलची गाठ मारली आणि पोतं खांद्यावर घेऊन थेट बाहेरच्या ऑटोत ठेवून आले.

"पितळ आहे," खांद्यावरूनच त्यांनी ओळखलं. "दोन नग. जपून न्या बरं, बाई."

बाईंनी त्यांना दुकानातला माणूस समजून दहाची नोट देऊ केली. किसनरावांनी ती नाकारली, आणि भलं काम केल्याच्या समाधानात सात नंबरच्या फळीकडे परतले. फळीवर अडकित्ते होते, कंदील होते, आणि मधे धुळीत दोन गोल होते.

मनोजचं तरी काय चुकलं? दोन गुंड शेजारी शेजारी, एकाला चिठ्ठी, म्हणजे जोडीच. त्यानं जोडी म्हणून विकली. किसनरावांनी सांगितल्यावर त्याचाच चेहरा उतरला. नत्थुजीला फोन लावतो, पैसे परत घेतो, असं तो म्हणू लागला. पण किसनरावांना पैसे नको होते. बाई कौशल्याबाई, अंजनगाव सुर्जीच्या, मुलीचं लग्न आहे आणि इथून नाव टाकायला कासारांच्या ओळीत जाणार होत्या, एवढं त्यांनी मनोजकडून काढून घेतलं. रिकामी पिशवी उचलून ते धावतच निघाले.

नाव टाकणाऱ्याच्या दुकानात दोघी मायलेकी पाटावर बसल्या होत्या. गुंड चिंचेनं घासून लख्ख झाले होते. कारागीर टोच्यानं ठकठक करत होता. 'सुंदरा'च्या खाली 'आचल' उमटलं होतं, आणि 'किसन'च्या खाली नवऱ्या मुलाचं 'पियु' एवढंच झालं होतं, 'ष' बाकी होता.

"थांबा," असं म्हणायला किसनरावांनी तोंड उघडलं. एवढ्यात कौशल्याबाईंनी ओळखलं. "अहो, तुमी तं दुकानातले ना? काही राह्यलं काय आमचं?"

 तेवढ्यात मुलगी, आचल, किसनरावांकडे वळली.

"काका, बरं झालं तुमी आले. हे म्हणून राह्यले का जुने नावं घासून टाकतो. मी नाही म्हटलं. तुमाले माहीत आहे काय हे कोण होते? सुखात होते काय?"

ठकठक थांबली. कौशल्याबाईही बघू लागल्या. लग्नघरच्या भांड्याचा प्रश्न, उत्तर चुकून चालणार नव्हतं. सुंदराचा बाप असाच एका कासाराच्या दुकानात बसला असेल, मांडीवर पैशांचा रुमाल घेऊन, हे किसनरावांना आज पहिल्यांदा सुचलं.

"हाव, माहीत आहे," ते म्हणाले. "अकोल्याचे आहेत. रोज भांडतात."

"अजून?"

"अजून."

आचल हसली. नावं राहू द्या, ती कारागिराला म्हणाली. कौशल्याबाईंनी विचारलं, मग तुम्ही आलात कशाला? किसनराव म्हणाले, नाव नीट टाकतात की नाही ते पाहायला. आमच्या दुकानाची तशी रीतच आहे. 'ष' पुरा होईपर्यंत ते खरंच उभे राहिले. मग पुन्हा पोत्यात बांधून, गाठ मारून, ओझं दुसऱ्यांदा ऑटोत ठेवून दिलं. या वेळी दहाची नोट त्यांनी घेतली. दुकानातला माणूस घेतोच.

मनोजकडे ते परत गेले नाहीत. अकोल्याच्या गाडीत मांडीवर रिकामी पिशवी घडी करून बसले. घरी आल्यावर सुंदराबाईंच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. जोडी लावून दिली, म्हणाले. चांगल्या पोरीच्या घरी गेली.  स्वयंपाकघरात ड्रमचा नळ गळत होता. किसनरावांनी खाली वाटी सरकवली आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. बाई काय म्हणाली असती, हे त्यांना आता पोतं न सोडताच कळत होतं.

"मांगच्या टायमाले निदान ड्रम तं आणला होता. या टायमाले मले बी देऊन आले, अन् वरतून हात हालवत आले."