ओसोरिओच्या बदल्यात आमेन

पडत्या भावातला फलंदाज हुडकावा तर मीच, असं मी मेकन गावात छातीवर हात ठेवून सांगत आलोय. बायको अर्नेस्टीन म्हणते, हात छातीवर आहेच तर रक्तदाबाची गोळीही घेऊन टाक. तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही. माझ्यातलं मात्र सगळं कळतं.

युक्ती सोपी आहे. जुलै आला, अर्धा हंगाम सरला, की लोक नुसती सरासरी बघतात, आणि ती पडलेली दिसली की चांगल्या फलंदाजाला शिळ्या बिस्किटासारखं बाजूला सारतात. मी चेंडूचा आवाज ऐकतो. बॅटवरून चेंडू कडाडून निघतोय, पण दर वेळी नेमका क्षेत्ररक्षकाच्या हातात जाऊन बसतोय, असा माणूस वाईट नसतो, कमनशिबी असतो. आणि नशीब काही कुणाशी लग्न लावून बसलेलं नसतं.

असा एक माणूस मी हेरला होता. स्ट्राउड. तो होता ब्रदर गॅडसनच्या संघात.

संघ म्हणजे मनातला. आमच्या चर्चमधले आम्ही आठ जण दर वसंतात खरेखुरे खेळाडू आपापसांत वाटून घेतो. मग ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आमच्या पदरात. पैसे लावत नाही. बाप्टिस्ट माणसं आम्ही, जुगार वर्ज्य. पण हंगाम संपताना जो तळाला, त्यानं पुढचं वर्षभर दर रविवारी नारिंगी जाकीट घालून चर्चबाहेर येणाऱ्यांच्या गाड्या लावून घ्यायच्या. आतलं सगळं आटोपेपर्यंत बाहेरच उभं राहायचं.

इतरांना यात फक्त ऊन दिसतं. मला मरण दिसत होतं. आमचे रेव्हरंड मोबली प्रवचनाला उभे राहिले की आधी साधंच बोलतात, खोकतात, चष्मा पुसतात. मग बोलता बोलता एखादा शब्द लांबतो, शब्दाला सूर फुटतो, ऑर्गन त्या सुराचं बोट धरतो, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे लागलं ते देवालाच ठाऊक. त्या गात्या प्रवचनाच्या जिवावर मी आठवडाभर टपालाच्या थैल्या उचलतो. ऑर्गनशेजारची माझी जागा गेली, तर उरतात त्या नुसत्या थैल्या.

आणि जुलैत तळाला होतो मी.

माझ्या एकच पायरी वर खुद्द रेव्हरंड. हो, तेही खेळतात. पण मेंढपाळाचं मन. जायबंदी खेळाडूला त्यांना काढवत नाही. त्यांचा निम्मा संघ लंगडत होता.

मी गॅडसनकडे स्ट्राउडबद्दल सहज विचारल्यासारखं करून विचारलं. गॅडसनचा अंत्यसंस्काराचा धंदा आहे. तो घाई कधीच करत नाही. गिऱ्हाईक शेवटी येतंच. बघू म्हणाला.

आमच्यात अदलाबदलीची रीत वेगळी आहे. फोनवरची बटणं आमच्या बोटांना मानवत नाहीत. एकानं प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या कानांदेखत आमेन म्हणायचं, की सौदा पक्का. चर्चचा कारभार बघणारे डीकन क्रम्पलर मग तो संगणकात घालतात. आमेन मागे घेता येत नाही.

त्या रविवारी चर्चमधलं थंड हवेचं यंत्र बंद पडलेलं, आणि रेव्हरंडांनी विषय घेतला होता बायबलातल्या, धगधगत्या भट्टीत टाकलेल्या आणि देवानं सुखरूप बाहेर काढलेल्या तिघांचा. सूर चढत होता, हातपंखे थांबले होते, मी बाकाच्या कडेवर आलो होतो. मागून गॅडसन कानाशी वाकला आणि पुटपुटला, "ब्रदर अ‍ॅम्ब्रोज, स्ट्राउड घे, ओसोरिओ दे."

ओसोरिओ म्हणजे माझा एकुलता एक होमरनवाला, चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडणारा. घरातल्या एका कमावत्याच्या जिवावर बाकीचे जेवावेत तसा माझा संघ त्याच्यावर जगत होता. पण गॅडसनचं बोलणं मला माशी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं, कारण नेमके तेव्हाच रेव्हरंड समेवर आले. "तो तुला बाहेर काढेल की नाही?"

मी उभाच राहिलो. "आमेन!"

"काढेल की नाही?"

"आमेन! आमेन!"

गॅडसनशेजारी बसलेल्या डीकन क्रम्पलरांनी गंभीरपणे मान डोलावली. मला वाटलं, प्रवचनाला.

कळलं ते चर्चच्या तळघरात, तळलेल्या कोंबडीची ताटं वाढली जात असताना. मी म्हटलं, माझं आमेन देवाला होतं. गॅडसन म्हणाला, देवाला ओसोरिओचं काय करायचंय. क्रम्पलर म्हणाले, आमेन कुणाला ते नियमात नाही, फक्त ऐकू आलं पाहिजे. आणि हे तर रस्त्यापलीकडच्या मेथडिस्ट चर्चमध्येही ऐकू गेलं असेल. खटला रेव्हरंडांपुढे गेला. ते घामानं निथळत, गळ्यात टॉवेल टाकून, हातात तंगडी धरून बसले होते.

"ब्रदर अ‍ॅम्ब्रोज, तुझं आमेन खरं होतं की खोटं?"

खोटं म्हणावं तर प्रवचनाचा अपमान. खरं म्हणावं तर ओसोरिओ गेला.

"खरं होतं, रेव्हरंड."

"मग झालं तर," म्हणून ते तंगडीकडे वळले. आमच्यात एकच पायरीचं अंतर होतं, ते त्या निकालात कुठे होतं की नाही, मी बोलणार नाही.

अर्नेस्टीन गाडीत म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या एका बोलण्याला आमेन म्हणाला नाहीस. म्हणालास तो गॅडसनला."

मी हाय खाल्ली. उन्हाची टोपी शोधून ठेवली.

आणि ऑगस्टमध्ये स्ट्राउडचं नशीब पालटलं. हातात बसणारे चेंडू मोकळ्या जागेत पडू लागले, मग भिंतीपलीकडे जाऊ लागले. मला आनंद करायचंही त्राण नव्हतं. मी रेडिओपुढे डुलक्या काढायचो आणि अर्नेस्टीन हलवून सांगायची, तुझा कमनशिबी पुन्हा मारतोय, ऊठ. ओसोरिओच्या जोरावर गॅडसन पहिला आला तो आलाच, पण स्ट्राउडनं मला गोगलगाईच्या चालीनं वर ओढलं. शेवटच्या दिवशी मी सातवा झालो. पलंगाशी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. खाली कोण गेलं ते डोक्यातच आलं नाही.

क्रम्पलरांनी यादी वाचली तेव्हा आलं.

सगळे हसले, म्हणाले सोडा हो, तुम्ही आमचे पाळक. सर्वांत मोठ्यानं मीच म्हणालो. रेव्हरंडांनी हात वर केला. "या नियमाला मी आमेन म्हटलंय, तुमच्या सगळ्यांसमोर. माझं खोटं होतं का?"

पुढच्या रविवारी मी ऑर्गनशेजारी माझ्या जागेवर. पुढे नवे सहायक पाळक, कागदावरून वाचताहेत, विमा एजंट अटी वाचतो तसे. ऑर्गनवाल्या सिस्टर पिकेट हात मांडीवर घेऊन बसलेल्या. आणि खिडकीतून बाहेरचा सूर आत येतोय: येऊ दे, माऽऽगे येऊ दे, डाऽऽवीकडे येऊ दे... मोटारींच्या काचा खाली होताहेत, आतून लोक साथ देताहेत. मागच्या बाकांवरचे एकेक जण उठून बाहेर सटकताहेत.

मीही हळूच उठू लागलो. अर्नेस्टीननं कोट धरून खाली ओढलं.

"बस गुपचूप. जागा वाचवलीस ना?"