फुग्याच्या गाडीला गाठ

प्रत्येक क्रियेला तेवढ्याच जोराची आणि उलट्या दिशेची प्रतिक्रिया असते, हा निसर्गाचा नियम आहे आणि तो कुणालाही चुकलेला नाही. फुग्यातली हवा मागे सुटते, म्हणून गाडी पुढे पळते. मूल काही करायला पुढे सरसावते, म्हणून घरातली मोठी माणसे त्याला मागे ओढतात. जोर दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच, की फुगा थोड्या वेळाने दमतो.

हा नियम मुलांना घरच्या घरी उमजावा म्हणून शाळेने यंदाही घरगुती प्रयोगांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि चौथीच्या वर्गाला फुग्याची गाडी नेमून दिली. सोबत सूचना होती : गाडी पाल्याने स्वतः करावी, पालकांनी केवळ मार्गदर्शन करावे. (मार्गदर्शन कुठे संपते हे लिहायचे राहून गेले होते. त्यामुळे ते कुठेच संपले नाही.)

फुग्याची गाडी हे शब्द कानावर पडताच आजीचे गुडघे दुखायचे थांबले. आजीच्या लहानपणी अशी गाडी काड्यापेटीची होत असे. बाटल्यांची पत्र्याची बुचे ही चाके, विणायची मोडकी सुई हा कणा आणि पेनात शाई भरायची नळी फुग्याच्या तोंडाला दोऱ्याने बांधलेली. फुगा फुटला तरी वाया जात नसे. त्याचा तुकडा ओठांशी धरून आत ओढायचा, बोराएवढी फुगी करायची आणि बेसावध भावाच्या कपाळावर फट्‌दिशी फोडायची. त्या काळी फुग्याला दोन जन्म असत. त्या गाडीला कुणी गुण दिले नाहीत, त्यामुळे तो प्रयोग यशस्वी झाला की फसला, हे आजीला आजतागायत कळलेले नाही. फार मजा आली होती एवढेच तिला आठवते. पण मजा हे मोजमापाचे मान्यताप्राप्त एकक नाही.

नातीचे शाळेतले नाव चांगले भारदस्त होते. आजी तिला भिंगरी म्हणे. भिंगरीचा प्रश्न एकच होता.

"आजी, आपली गाडी किती लांब जाईल गं?"

"मला काय माहीत? सोडून बघायचं."

दोघी कामाला लागल्या. दुधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा, बरण्यांची झाकणे, सरबताच्या दोन नळ्या. एका झाकणाचे भोक मधोमध न पडता जरासे बाजूला पडले, त्यामुळे गाडी ढकलली की एका अंगाने लंगडत चाले.

"अगदी तुझ्यासारखी चालते," भिंगरी म्हणाली.

"पोचते ना पण? मीही पोचते."

फुगा बसवायचा तेवढा राहिला होता, इतक्यात भिंगरीचे बाबा कामावरून आले. ते कुकरच्या कारखान्यात दर्जा तपासनीस होते. दिवसभर झाकणे नाकारून आलेला माणूस घरी आल्यावर एकदम थांबू शकत नाही. याला जडत्व म्हणतात आणि तोही निसर्गाचाच नियम आहे. त्यांनी गाडी उचलली, डोळ्यासमोर धरली, चाक फिरवून पाहिले.

"हे असलं न्यायचं शाळेत? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोरीनं केलंय," आजी म्हणाली.

"तेच म्हणतोय ना मी, आई!"

रविवारी मार्गदर्शनाला सुरुवात झाली. जाड फोमच्या फळीतून लांबट गाडी कापली गेली, तिला लालभडक रंगाचे दोन हात बसले, पुढे दिवे आले, मागे नंबराची पाटी आली. चाके थोडी डगमगत होती. डगमगणे दर्जात बसत नाही. म्हणून बाबांनी ती पक्क्या गोंदाने जागच्या जागी चिकटवून टाकली. आता ती कशानेही डगमगणार नव्हती. (फिरणारही नव्हती, पण चाक एकदम किती अपेक्षा पुऱ्या करणार?) भिंगरीकडे चिकटपट्टीचे रीळ धरून बसायचे काम होते. ते तिने उत्तम केले; एकदाही रीळ खाली पडले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी लाल गाडी खोक्यात, कापसाच्या गादीवर बसून निघाली. रात्रीतून फुगा बसलेली लंगडी गाडी आजीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून निघाली. तिला कुणी बोलावले नव्हते.

सभागृहात पांढऱ्या चादरी घातलेली टेबले ओळीने मांडली होती. चादरी पार जमिनीपर्यंत लोंबत होत्या, कारण टेबलांचे पाय बरे नव्हते. त्यावर गाड्या. वरवर पाहता त्यांतल्या नव्वद टक्के वडिलांनी केल्या होत्या, आठ टक्के आयांनी आणि दोन टक्के दुकानदाराने. मुलांचा वाटा दशांशचिन्हानंतर कुठेतरी असावा. तेवढ्या खोलात कुणी गेले नाही. प्रत्येक गाडीमागे तक्ता होता आणि प्रत्येक तक्त्यावर बाण होते.

विज्ञानाच्या बाई अनुभवी होत्या. गेल्या वर्षी परीक्षक येईपर्यंत सगळे फुगे चिपाड होऊन पडले होते आणि शाळेची शोभा गेली होती. यंदा त्यांनी आधीच उपाय योजला होता : फुगे फुगवून ठेवावेत आणि तोंडाला घट्ट गाठ मारावी, म्हणजे हवा वाया जाणार नाही. हवा वाया जाऊ नये, हे सर्व पालकांना तत्काळ पटले. हवा बाहेर गेली तरच गाडी पळते, हे सर्व तक्त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेले होते. या दोन गोष्टी एकाच टेबलावर दिवसभर शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांच्यात एकदाही भांडण झाले नाही. इतका समंजसपणा सख्ख्या जावांतही आढळत नाही.

"बाई, गाठ मारली तर गाडी पळणार कशी?" भिंगरीने विचारले.

"अगं बाळा, कशी पळते ते तक्त्यावर लिहिलंय ना? मग पळवायची काय गरज? आणि आत्ता प्रश्न नकोत हं, परीक्षक येतायत."

परीक्षक आले. त्यांनी गाड्यांवरून बोट फिरवून रंग वाळला आहे का ते पाहिले. तक्त्यांवरचे बाण सरळ आहेत याची खात्री करून घेतली. लाल गाडीपाशी ते थबकले आणि भिंगरीच्या बाबांना म्हणाले, "नियम सांगा." बाबांनी एका दमात सांगितला. परीक्षकांचा चेहरा उजळला.

"वा! मुलीनं फार मेहनत घेतलीय," ते बाबांकडे बघून म्हणाले.

भिंगरीने आजीच्या पिशवीकडे पाहिले. तिची गाडी तशीच घरी परतणार होती, आणि ती किती लांब जाते हे जगात कुणालाच कळणार नव्हते.

आजीने पिशवीत हात घातला.

"आई, प्लीज," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "इथे नको. लोक बघतायत."

"अरे, लहानपणी तुझी गाडी कपाटाखाली गेली होती, तेव्हा मी लोळण घेऊन काढून दिली होती. तू तर नुसता नाचत होतास. तेव्हा नव्हते लोक?"

तपासनीसाच्या दप्तरी या प्रश्नाला रकाना नव्हता.

"आधी ताणून घे फुगा," आजीने नातीच्या कानात सांगितले. "म्हणजे हट्ट सोडतो. हं, फुंक आता. गाल नको फुगवूस, पोटातनं फुंक."

भिंगरी लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिली. मग नळीच्या तोंडावर बोट दाबून तिने गाडी दोन टेबलांच्या मधल्या फरशीवर ठेवली आणि बोट काढले.

फुर्रर्र! अशा सभेत न शोभणारा आवाज करीत गाडी निघाली. लंगडत निघाली, डावीकडे वळत निघाली, बाईंच्या वहाणांना वळसा घालून परीक्षकांच्या बुटांमधून पार झाली आणि पलीकडच्या चादरीखाली दिसेनाशी झाली. मग सगळ्या चौथीने गुडघे टेकले आणि चादरीखाली धाव घेतली. टेबलांवरचे तक्ते एकामागून एक आडवे झाले. परीक्षकांनी विचारले, "हा काय प्रकार आहे?" फुग्याच्या गाड्यांच्या प्रदर्शनात हा प्रश्न रास्तच होता. त्या दिवशी पळालेली ती एकमेव गाडी होती.

निकाल न्याय्य लागला. पहिले पारितोषिक लाल गाडीला मिळाले. लंगड्या गाडीबद्दल 'प्रतिकृती नेमून दिलेल्या जागी आढळली नाही' असा शेरा मिळाला, आणि तो अगदी खरा होता. लाल गाडी आता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात असते. गाठ अजून शाबूत आहे. हवा मात्र तिची तिची कुठूनतरी निघून गेली आणि फुगा मनुकेसारखा सुरकुतला. तिकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण तक्ता अजून ताजा दिसतो.

पारितोषिक घ्यायला बाबांचे नाव पुकारले (भिंगरीचे पुकारले, पण उठायचे होते बाबांनी), तेव्हा ते जागेवर नव्हते. थोड्या वेळाने आले. इस्त्रीच्या पँटचे दोन्ही गुडघे धुळीने पांढरे झाले होते आणि केसात कोळ्याचे जाळे होते. "पेन पडलं होतं," ते म्हणाले. आजीने चष्मा पुसला. मागून भिंगरी आली, दोन्ही हातांत गाडी. तिला तिचे उत्तर मिळाले होते. पावलांनी मोजून आणले होते तिने.

आता वाचकांना साहजिकच वाटेल, की गाडी नेमकी किती लांब गेली ते सांगा. विचारणा योग्य आहे. पुठ्ठा घरात असतो, झाकणे असतात, फुगा कोपऱ्यावर मिळतो. आधी ताणून घ्यावा म्हणजे हट्ट सोडतो, हेही सांगून झाले आहे. तरीपण आमच्या पाहणीनुसार इथवर आलेल्यांपैकी एकही जण उठलेला नाही. आकडा पुढच्या ओळीत असेल, या आशेने सगळे बसल्या जागी वाचत आहेत.

नाही. पण आपण गाडीमागचा तक्ता शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल शाळा आपली आभारी आहे.