उंबरावरचा रेडा

एका जंगलात, बाळांनो, सभा दोन होत्या. एक जमिनीवरची. ती तापायची, ओरडायची आणि ठराव करायची. दुसरी उंबरावरची. तिने तो ठराव वर नेऊन, फुंकर घालून गार करायचा आणि मग हो किंवा नाही म्हणायचं.

जमिनीवरचे सभासद सगळं जंगल निवडून देई. उंबरावर कोण बसणार, हे मात्र जमिनीवरचे सभासद ठरवत.

टिटवी जमिनीवरच्या सभेत होती. तिची अंडी तळ्याकाठी, खड्यांमध्ये. आणि नेमका ठराव झाला, की तळ्याचा काठ रेड्यांना लोळायला द्यावा. ठराव उंबरावर गेला. तिथे निम्मे बाजूने, निम्मे विरुद्ध. एक जागा रिकामी होती. तिथे जो येईल, त्याच्या हाती टिटवीची अंडी.

जागेसाठी दोघं उभी राहिली. एक खार. दुसरा रेडा. तो जमिनीवरच्या निवडणुकीत नुकताच सपाटून आपटला होता. खाली न खपलेला माल वरच्या फळीवर ठेवायचा, ही रीत काही फक्त दुकानातच नसते.

रेड्याचा पुढारी तरस. कुणी फुटू नये म्हणून त्याने आपल्या गटाच्या सभासदांना आमराईत नेऊन ठेवलं, खाऊपिऊ घातलं. नवऱ्याला अंड्यांवर बसवून टिटवीही गेली. मत म्हणजे पान. खारीला हिरवं, रेड्याला पिकलं. ढोलीत टाकण्याआधी ते पुढाऱ्याला दाखवायचं, अशी पद्धत.

“टिटवीबाई, पान दाखवा.”

“बघा की. पिकलंच आहे.”

“अंड्यांची काळजी नाही वाटत?” तरसाने विचारलं.

“तुमच्यासारखे थोरले भाऊ असताना?”

मनात ती हसत होती. खारीचा काय भरवसा? कुणी चार दाणे जास्त टाकले की तिकडे. रेडा मात्र जन्मात उंबरावर चढायचा नाही. पिल्लं उडेपर्यंत ठराव लोंबकळत राहील.

रेडा एका मताने निवडून आला. गळ्यात हार घालून बुंध्याशी गेला. पुढचा पाय लावून पाहिला. मग मागचा.

“आता कसं करायचं?” उंबरावरून अध्यक्ष वानराने विचारलं.

“सभासद वर येत नसेल, तर सभेने खाली यावं,” तरस म्हणाला. “मान सभासदाचा असतो, झाडाचा नव्हे.”

“खाली म्हणजे कुठे?”

“मला तळ्याकाठी बरं वाटतं,” रेडा म्हणाला.

सभा तळ्याकाठी भरली. रेडा ऐसपैस बसला. टिटवीचा नवरा कसाबसा उडाला.

“अहो, अहो, तिथे नको,” टिटवी म्हणाली.

“बाई, तुम्ही खालच्या सभेच्या,” अध्यक्ष म्हणाले. “इथे तुम्हाला बोलता येत नाही.”

विषय नाजूक, म्हणून चर्चा सावकाश झाली. भाषणं ऐकून रेड्याचे डोळे पाणावले. त्याने बसल्या जागेवरून ठरावाविरुद्ध मत दिलं. काठ टिटवीचाच राहिला. तिच्या अंड्यांना कुणी धक्का लावू नये, असंही ठरलं. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

“आभारी आहे,” टिटवी म्हणाली. “रेडेदादा, आता जरा उठता का?”

तात्पर्य: वरच्या सभेत न्याय मिळतोच. ज्याला तो हवा असेल, त्याने अंडी जरा उशिरा घालावीत.