पोरीच्या वाटची चौथी

या, टेका जरा. एका गॅरेजवाल्याची गोष्ट सांगतो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, शेवटी जमेल न जमेल.

या गड्याने घर बदललं, म्हणून पोरीची शाळाही बदलली. पोर चौथी पास, तीही चांगल्या गुणांनी. पाचवीत घालायला म्हणून तो इस्त्रीचा शर्ट चढवून नव्या शाळेत गेला. नखांतलं ऑइल तेवढं निघालं नव्हतं.

मोठ्या बाईंनी दाखला बघितला आणि बाजूला सारला. "हे त्यांच्या शाळेचं झालं. आमची चाचणी वेगळी. सांग बाळ, आपल्या शाळेतला कुठला नळ गळतो?"

पोर गडबडली. "भागाकार विचारा ना बाई. येतो मला."

"भागाकार काय, सगळीकडे सारखाच. कुठल्या वर्गातला पंखा बंद आहे?"

पोर मान वर करून छताकडे बघायला लागली. बाईंनी शेरा मारला: पाया कच्चा, चौथी पुन्हा.

"अहो बाई, शाळेत आल्याशिवाय तिला कसं कळणार हे?"

"तेच तर म्हणतोय आम्ही. येऊ दे की. चौथीत."

रस्त्याने पोर मुसमुसत होती. "बाबा, मी नापास झालेच नाही. मग मागे का बसायचं?" बापाने दाखला पुन्हा उलटून पालटून बघितला. बिघाड सापडल्याशिवाय गाडी परत न करणारा माणूस तो, पण इथे बॉनेटच उघडत नव्हतं.

मग त्याने डोकं लढवलं. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभं राहून तिथल्या पोरांकडून नळ, पंखे, जिन्यातली हलणारी पायरी, सगळं काढून घेतलं आणि पोरीकडून घोटून घेतलं. पुन्हा चाचणी झाली. पोरीने घडाघडा सांगितलं.

बाई हरखल्या. "वा! अगदी आमच्या चौथीतल्या मुलांसारखी! हिची जागा तिथेच."

आता मात्र गड्याचं टाळकं सटकलं. "एकदा काय ते सांगून टाका. कुणीतरी वर्षभर तिथे बसायलाच हवं का?"

"नियमच आहे तसा. नव्याने आलेल्या कुटुंबातून एकाने चौथीत बसायचं."

"कुटुंबातून ना? मग बसवा मला!"

हे तो रागाने बोलला. बाईंनी मात्र चष्मा लावून नियम पुन्हा वाचला. "वयाची अट दिसत नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "गणवेश सक्तीचा आहे."

झालं. पोर पाचवीत, बाप चौथीत. सकाळी पोरगीच त्याचं दप्तर तपासते, वर दम भरते, "बाबा, आज तरी वर्गात गिऱ्हाइकाचा फोन घेऊ नका." तपासणीला साहेब आले. हाफ पँटीतला मिशीवाला विद्यार्थी त्यांनी वरून खालून न्याहाळला आणि लिहून गेले: शारीरिक वाढ समाधानकारक.

तुम्ही हसताय. हसा. पण हा नियम काही आभाळातून पडला नाही. पालकसभेत एकमताने झालाय. घरी लवकर सुटायचं म्हणून सगळ्यांनी न ऐकताच हात वर केले होते, आणि मागच्या रांगेतून सगळ्यांत आधी वर गेला तो हात तुमचाच होता. तेव्हा एक काम करा माझं. बाक छोटा, गडी भारी, त्याच्या वजनाने एका अंगाला कलंडतो. उद्या सकाळी या आणि दुसऱ्या टोकाला बसा.